हवेने रंग फोडणारी स्प्रे गन डिझाइन करताना: आधी थेंब, मग कॅप, शेवटी बॉडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. हवेच्या झोताने रंग फोडणारी स्प्रे गन स्वतः डिझाइन करून टूलरूममध्ये बनवायची आहे. नोझल (रंग बाहेर पडतो ते तोंड) आणि एअर कॅप (त्याभोवती बसणारी, हवेची भोकं असलेली टोपी) यांची मापं कशी काढायची? हवेचे मार्ग किती मोठे ठेवायचे? आणि पहिल्या नमुन्यात पॅटर्न, म्हणजे फवाऱ्याचा कामावर उमटणारा आकार, एका बाजूला झुकतो, फवारा मधूनच थुंकल्यासारखा तुटक येतो, त्याचं कारण काय?

बहुतेक जण कागदावर पहिल्यांदा बॉडी काढतात. हँडल, ट्रिगर, कप कुठे बसणार, हवेचं कनेक्शन कुठून येणार हे ठरलं की उरलेल्या जागेत नोझल बसवतात. हा क्रम उलटा आहे. गनमध्ये खरं काम करणारी जागा पुढच्या टोकाला काही मिलिमीटरांत संपते. नोझल, त्याचं भोक उघडणारी-बंद करणारी सुई म्हणजे नीडल, आणि एअर कॅप हे तीन वेगळे पार्ट असले तरी डिझाइन करताना तो एकच पार्ट समजायचा. बाकी सगळी गन त्या जागेपर्यंत हवा आणि रंग नीट पोहोचवण्यासाठी असते. म्हणून कोणता रंग, किती प्रवाहाने, किती बारीक थेंबांत हवा आहे हे आधी ठरवा आणि तिथून मागे मागे येत बॉडीपर्यंत पोहोचा.

रंग फुटतो तो वेगातल्या फरकामुळे. नोझलमधून रंग सेकंदाला दोन-अडीच मीटर वेगाने बाहेर येतो आणि त्याच्याभोवतीच्या गोल फटीतून हवा जवळजवळ तीनशे मीटर वेगाने सुटते. ही हवा रंगाच्या धारेवर लाटा उठवते. लाटांची टोकं ताणली जाऊन त्यांच्या तारा होतात आणि तारा तुटून थेंब होतात. रंगाला एकत्र धरून ठेवतो पृष्ठताण, आणि या सगळ्याला वेळ लावते व्हिस्कॉसिटी. हवेचा जोर आणि पृष्ठताण यांचं गुणोत्तर म्हणजे वेबर अंक. थेंब फुटायला तो साधारण १२ च्या वर असावा लागतो. १.३ मिमीची धार, सेकंदाला २८० मीटरची हवा आणि सॉल्व्हंट रंगाचा नेहमीचा पृष्ठताण धरला तर तो पाच हजारांच्या आसपास जातो. म्हणजे धार फुटेल की नाही ही चिंताच नाही. ती पुरेशी बारीक आणि सगळीकडून सारखी फुटते का, हा खरा प्रश्न.

इथे एक जुनं समीकरण फार उपयोगी पडतं. नुकियामा आणि तानासावा या जपानी संशोधकांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस हवेने फोडलेल्या द्रवाच्या थेंबांची मापं घेऊन ते मांडलं. त्यात दोन भाग आहेत. पहिला भाग हवा आणि द्रव यांच्या वेगातल्या फरकाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. दुसऱ्या भागात व्हिस्कॉसिटीचा ०.४५ वा घात आहे आणि द्रव-हवा यांच्या आकारमानांच्या गुणोत्तराचा दीड घात आहे. आपल्या गनचे आकडे घातले तर पहिल्या भागातून जेमतेम १० ते ११ मायक्रॉन येतात, दुसरा भाग त्याच्या कितीतरी पट मोठा निघतो. ते समीकरण आपल्या कॅपसाठी तयार झालेलं नाही, त्यामुळे त्यातून मिळणारा थेंबाचा आकडा जसाच्या तसा धरू नका. पण दिशा अगदी स्पष्ट आहे. दाब वाढवून हवेचा वेग आणखी चढवण्यात फायदा थोडा, कारण तो भाग आधीच लहान झालेला आहे. हवा तेवढीच ठेवून रंगाचा प्रवाह दुप्पट केला तर दुसरा भाग २.८ पट होतो. फवारा जाड येतो म्हणून रेग्युलेटर पिळत बसण्यापेक्षा रंग कमी करा, पातळ करा किंवा कॅपमधून जास्त हवा जाऊ द्या.

वजनाच्या हिशोबानेही हेच दिसतं. मिनिटाला २०० मिली रंग म्हणजे साधारण २२० ग्रॅम. मिनिटाला ३५० लिटर हवा म्हणजे ४२० ग्रॅम. गुणोत्तर दोनच्या जरा आत. हे गुणोत्तर दोनच्या खाली जाऊ लागलं की थेंब झपाट्याने मोठे होतात, आणि चार-पाचच्या पुढे कितीही हवा ओतली तरी फारसा फरक पडत नाही. शिवाय त्या ३५० लिटरांपैकी बराच भाग हॉर्नमधून, म्हणजे कॅपच्या दोन बाजूंना पुढे आलेल्या शिंगांतून, फवारा पंख्यासारखा चपटा करायला जातो. या चपट्या फवाऱ्याला फॅन म्हणतात. हॉर्नची हवा रंगाला उशिरा भेटते. म्हणून हवेचा हिशोब मांडताना फोडणारी हवा आणि आकार देणारी हवा वेगवेगळी लिहा. दोन्ही एकाच आकड्यात मिसळल्या की कागदावर गुणोत्तर छान दिसतं आणि प्रत्यक्षात फवारा जाड येतो.

रंगाची व्हिस्कॉसिटी आपण फ्लो कपने सेकंदांत मोजतो, म्हणजे तळाला भोक असलेला कप रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते बघतो. पण कपातून रंग संथपणे वाहतो. नोझलच्या १.३ मिमी भोकातून मिनिटाला २०० मिली जाताना भिंतीपाशी शिअर रेट, म्हणजे रंगाचे थर एकमेकांवरून घसरण्याचा दर, सेकंदाला १५ हजारांच्या घरात जातो. बरेच रंग, विशेषतः पाण्यावर आधारित रंग, घुसळल्यावर पातळ होतात. कपात सारखेच सेकंद देणारे दोन रंग गनमध्ये वेगळे वागतात त्याचं कारण हे. गन कोणत्या रंगासाठी बनवता आहात ते ठरवा आणि त्याच रंगावर तपासा.

नोझलच्या भोकाचं माप निवडणं यात सगळ्यात सोपं काम आहे. पातळ स्टेन आणि डायसाठी ०.८ ते १.० मिमी, बेसकोट आणि क्लिअरसाठी १.२ ते १.४, प्रायमरसाठी १.६ ते २.०, जाड फिलरसाठी त्याच्याही वर. दोन मापांत अडलात तर लहान घ्या. भोक मोठं असलं की नीडल अर्धवट उघडून रंग रोखावा लागतो आणि मग धार मध्यभागी राहत नाही.

आता हवेचं क्षेत्रफळ. इथे दाब आधी ठरवावा लागतो. हवेच्या वरच्या आणि खालच्या निरपेक्ष दाबांचं गुणोत्तर १.८९ झालं की छिद्रातला वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचतो आणि तिथेच अडतो. बाहेर वातावरण असताना हे कॅपमध्ये ०.९ बार गेज दाबाला (वातावरणाच्या दाबाहून तेवढा जास्त) घडतं. एचव्हीएलपी, म्हणजे जास्त हवा आणि कमी दाबाच्या गनची मर्यादा कॅपमध्ये १० पीएसआय, म्हणजे ०.७ बारच्या जरा खाली. ही मर्यादा कॅलिफोर्नियातल्या दक्षिण किनाऱ्याच्या हवा-गुणवत्ता नियमांत लिहिलेली आहे. हा दाब हवा अडण्याच्या सीमेच्या खालीच आहे, आणि तरीही ०.७ बारला हवेचा वेग सेकंदाला सुमारे २८५ मीटर, म्हणजे ध्वनीच्या नव्वद टक्के येतो. कमी दाबाची गन संथ हवेवर चालते असं अनेकांना वाटतं, ते बरोबर नाही. हवा वेगवानच असते, पण ती छिद्राबाहेर येऊन पुन्हा धडाक्याने फुगत नाही. त्यामुळे थेंब सौम्यपणे पुढे जातात आणि पत्र्यावरून उलटून येणारा रंग कमी होतो. तीन बारच्या जुन्या पद्धतीच्या गनमध्ये तो जास्त असतो आणि अर्ध्याहून अधिक रंग हवेत जाणं तिथे नेहमीचं आहे.

०.७ बारला २० अंश तापमानाची हवा प्रत्येक चौरस मिलिमीटरमधून सेकंदाला सुमारे ०.४ ग्रॅम जाते. छिद्राच्या काठामुळे धार आक्रसते, म्हणून ०.८५ ने गुणा. मिनिटाला ३५० लिटर म्हणजे सेकंदाला ७ ग्रॅम. उत्तर येतं साधारण २० चौरस मिमी. कॅपमधली सगळी उघडी जागा मिळून एवढी हवी. तीच हवा कॅपमध्ये ३ बार दाबाने सोडायची तर जेमतेम ९ चौरस मिमी पुरते. जुन्या गनची कॅप एचव्हीएलपी बॉडीवर चढवून ‘कमी दाबाची गन’ का होत नाही, ते या दोन आकड्यांत दिसतं.

ही २० चौरस मिमी जागा कशी वाटायची? माझी सुरुवात अशी असते. नोझलच्या टोकाचा बाहेरचा व्यास २.६ मिमी आणि कॅपचं मधलं भोक ४.२ मिमी, म्हणजे फट ०.८ मिमी आणि क्षेत्रफळ साडेआठ. हॉर्नमध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन अशी १.६ मिमीची चार भोकं, त्यांचं आठ. कॅपच्या तोंडावर ०.७ मिमीची सहा मदतनीस भोकं, त्यांचं सव्वादोन. बेरीज १९, म्हणजे मिनिटाला सुमारे ३३० लिटर. एवढ्या हवेला साधारण ३ अश्वशक्तीचा कंप्रेसर सतत चालावा लागतो. कंप्रेसर त्याहून लहान असेल तर आत्ताच रंगाचा प्रवाह आणि नोझलचं माप खाली आणा. नंतर दाबाशी खेळून ही तूट भरून निघत नाही.

आता ज्यावर गन चांगली की वाईट ठरते त्या गोष्टीकडे येतो: एककेंद्रीपणा. ०.८ मिमीच्या फटीत नोझल फक्त ०.०८ मिमी सरकलं की एका बाजूला फट ०.८८ होते आणि समोरच्या बाजूला ०.७२. हवेत बावीस टक्क्यांचा फरक! जिकडे हवा कमी तिकडे थेंब जाड, आणि सगळा फवारा त्या बाजूला ढळतो. ड्रॉइंगवर दोन्ही पार्टांची मापं बरोबर असतात, दोन्ही तपासणीत पास होतात आणि जोडल्यावर फवारा वाकडा येतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं. कॅप आटेवाल्या रिंगने बॉडीवर बसते, नोझल वेगळ्या आट्यांवर बॉडीत बसतं, आणि दोघांनाही वाटतं की आटे आपल्याला मध्यावर आणतील. आटे मध्यावर आणत नाहीत. त्यांच्यात मोकळीक असते, ती असावीच लागते. म्हणून कॅप थेट नोझलवर टेकली पाहिजे. नोझलच्या खांद्यावर निमुळती सीट द्या, कॅपच्या आत तशीच जुळणारी सीट द्या, आणि रिटेनिंग रिंगचं काम फक्त दाबून धरण्याचं ठेवा. रिंगला कॅपच्या बाहेरच्या व्यासावर मुद्दाम ढिली ठेवा, म्हणजे ती कॅपला बाजूला ओढणार नाही.

मशिनिंगचा नियमही यातूनच येतो. नोझलचं रंगाचं भोक, टोकाचा बाहेरचा व्यास आणि सीट हे तिन्ही एकाच चकिंगमध्ये, म्हणजे काम चकमधून न काढता करा. कॅपचं मधलं भोक आणि तिची सीटही एकाच चकिंगमध्ये करा. काम काढून उलटं धरून उरलेलं करायचं असेल तर ते यांपैकी काहीही नसावं. बाकी मापांवर तुम्ही सैल टॉलरन्स देऊ शकता, बॉडी ओतीव घेऊ शकता, हँडल हवं तसं करू शकता. इथे ०.०२ मिमीच्या बाहेर जाऊ नका. पैसा आणि वेळ खर्च करायची गनमधली खरी जागा ही आहे.

नोझलचं टोक कॅपच्या तोंडाशी कुठे येतं, हेही त्याच सीटवर ठरतं. टोक जरा पुढे आलं की भोवतीची वेगवान हवा तोंडापाशी दाब कमी करते आणि रंग ओढते. आत गेलं की हवा रंगाच्या तोंडावर दाबते आणि प्रवाह घटतो, अगदी आत गेलं तर हवा रंगाच्या मार्गात शिरते. खालून कप असलेल्या सक्शन गनमध्ये ही ओढ नसेल तर रंग वरच चढत नाही. रंगाचा स्तंभ १५ सेंमी उचलायला सुमारे १.८ किलोपास्कल लागतात, ते सगळे या टोकापाशीच निर्माण व्हायचे असतात. वर कप असलेल्या ग्रॅव्हिटी गनलाही ही ओढ लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. कपातल्या १० सेंमी रंगाचं वजन जेमतेम १.२ किलोपास्कल दाब देतं. तेवढ्यावर १.३ मिमीच्या नोझलमधून आदर्श स्थितीतही मिनिटाला ११० मिलीच्या आसपास रंग जाईल, व्हिस्कॉसिटी धरली तर त्याहून कमी. बाकीचा प्रवाह हवेच्या ओढीवर येतो. कॅप बदलली की रंगाचा प्रवाह बदलतो तो म्हणून. टोक अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पुढे ठेवून सुरुवात करा आणि सीटखाली पातळ वॉशर घालून किंवा काढून तीन-चार जागांवर प्रवाह मोजा. सर्वोत्तम जागा सापडली की ते माप ड्रॉइंगवर पक्कं करा. टोकाचा काठ बाहेरून निमुळता करत पातळ ठेवा. जाड काठापाशी हवा भोवरे खाते आणि तिथे रंग साचून सुकतो.

बाहेर मिसळणारी ही रचना मुळात घशात औषध फवारण्याच्या उपकरणातून आली. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात डॉ. ॲलन डीव्हिल्बिस यांनी १८८८ मध्ये असं उपकरण बनवलं आणि पुढे त्यांचा मुलगा थॉमस याने तीच कल्पना रंगाकडे वळवली. हवा आणि रंग गनच्या आतच मिसळणाऱ्या कॅपही असतात. त्यांना हवा कमी लागते, पण लवकर सुकणारा रंग आतच अडकतो आणि कॅपचं भोक झिजलं की पॅटर्न बिघडतो. चांगल्या फिनिशसाठी बाहेर मिसळणारी रचनाच घ्या.

हॉर्नचं काम गोल फवाऱ्याला दोन बाजूंनी दाबून चपटा करण्याचं. हॉर्न आडवे असले की फॅन उभा होतो. दोन्ही हॉर्नच्या धारा फवाऱ्याला अगदी एकाच बिंदूवर भेटल्या पाहिजेत, आणि तो बिंदू रंग बऱ्यापैकी फुटून झाल्यानंतरचा असला पाहिजे. फार जवळ भेटल्या तर त्या अजून न फुटलेल्या धारेलाच कापतात आणि फॅनच्या दोन टोकांना जाड थेंब जातात. हॉर्नचा जोर रंगाच्या मानाने जास्त झाला की पॅटर्न मध्ये विरळ आणि टोकांना दाट होतो. अशा वेळी हॉर्नची हवा कमी करा किंवा रंग वाढवा. हॉर्नच्या प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन भोकं दिली तर दाब हळूहळू पडतो आणि फॅनची टोकं छान विरत जातात. ओव्हरलॅप करताना पट्टे दिसत नाहीत ते यामुळे.

या भोकांच्या बाबतीत ड्रिलवर विसंबू नका. एका हॉर्नचं भोक १.६० आणि समोरचं १.६५ झालं तर क्षेत्रफळात सव्वासहा टक्के फरक पडतो आणि फॅन केळीसारखा वाकतो. आधी लहान ड्रिल, मग रीमर, आणि शेवटी आतल्या बाजूची बर, म्हणजे भोकाच्या काठावर राहिलेली धातूची कड, भिंगाखाली बघून काढा. बाहेरची बर दिसते म्हणून निघते, आतली राहून जाते आणि धारेची दिशाच बदलते. तोंडावरची मदतनीस भोकं फॅन स्थिर ठेवतात, हॉर्नवर उडून बसणारा रंग दूर ठेवतात आणि हॉर्नच्या धारांचा पहिला झटका जरा मऊ करतात. ती काढून टाकून हवा वाचवायचा मोह होतो. वाचवू नका, थोड्याच वेळात हॉर्न रंगाने माखतात.

बॉडीतले हवेचे मार्ग त्यानंतर. कॅपचं एकूण क्षेत्रफळ २० असेल तर मागच्या कुठल्याही जागी, व्हॉल्व्हच्या सीटवरही, मी निदान त्याच्या तिप्पट क्षेत्रफळ धरतो. ६० चौरस मिमी म्हणजे जवळजवळ ९ मिमी व्यासाचं भोक. हँडलमध्ये ते बसवायला त्रास होतो, तरी बसवा. कनेक्टर आणि क्विक कपलिंग इथेच गळा आवळतात, त्यामुळे मोठ्या प्रवाहाचं कपलिंग आणि निदान ८ मिमी आतल्या व्यासाची होज लागते. मार्ग अरुंद राहिले की आणखी एक त्रास सुरू होतो. फॅनची रुंदी ठरवणारा व्हॉल्व्ह बंद केला की हॉर्नची हवा थांबते, एकूण प्रवाह कमी होतो, मार्गातली दाबाची घट कमी होते आणि मधल्या फटीतला दाब अचानक चढतो. कारागीर फॅन अरुंद करतो आणि त्याला नको असताना रंगाचा प्रवाह आणि थेंबांचं मापही बदलतं. मोठे मार्ग दिले तर दोन्ही हवा एकमेकींपासून बऱ्यापैकी स्वतंत्र राहतात.

हवा हँडलमधून एका बाजूने वर येते आणि तिला कॅपमागे गोलाकार सगळीकडे सारखं वाटायचं असतं. मध्ये बॅफल, म्हणजे सारख्या अंतरावर भोकं असलेली चकती द्या. एकाच मोठ्या भोकातून हवा कॅपमागे सोडली तर ती गिरक्या घेते आणि फॅन तिरपा पडतो. बॅफलने फोडणारी आणि आकार देणारी हवा वेगळीही केली पाहिजे. त्या दोन कप्प्यांमधली सीलिंगची कड खरचटली की फॅन व्हॉल्व्ह पूर्ण बंद करूनही पॅटर्न गोल होत नाही.

ट्रिगरचा क्रम काटेकोर पाळा. ओढताना आधी हवा सुटली पाहिजे आणि दोनेक मिलिमीटर हालचालीनंतर नीडल मागे सरकली पाहिजे. सोडताना आधी नीडल बसली पाहिजे, हवा शेवटी. उलट झालं की सुरुवातीला आणि शेवटी न फुटलेला रंग कामावर पडतो. नीडलचा निमुळता भाग लांबट ठेवला तर प्रवाह बारीक नियंत्रित होतो, मात्र फार लांबट केला तर नीडल सीटमध्ये पाचरीसारखी अडकते. नीडल आणि नोझल जोडीने लॅप करून, म्हणजे बारीक पेस्टने एकमेकांवर घासून, जोडीनेच ठेवा. हवेच्या व्हॉल्व्हची सीट मोठी केली की ट्रिगर जड होतो. ८ मिमी सीटवर ३ बारचा दाब १५ न्यूटन जोर लावतो. दिवसभर गन धरणाऱ्याची बोटं त्याने भरून येतात, तेव्हा लिव्हरचं प्रमाण त्याचा विचार करून ठरवा किंवा व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंनी दाब समतोल होईल असा करा.

थुंकणं, म्हणजे फवारा फडफडत तुटक येणं, हे जवळपास नेहमी रंगाच्या मार्गात हवा शिरल्याचं लक्षण असतं. नोझल सीटवर घट्ट बसलेलं नसेल तर फोडणारी हवा मागून रंगात शिरते आणि ग्रॅव्हिटी कपात बुडबुडे दिसतात. ही खूण दिसली की दुसरीकडे शोधायला जाऊ नका. सक्शन गनमध्ये नीडलचं पॅकिंग सुकलं किंवा कपाची नळी ढिली असली तरी तेच होतं. झाकणातलं हवेचं छिद्र सुकलेल्या रंगाने बुजलं तर मात्र फवारा हळूहळू मंदावत थांबतो. डिझाइनमध्ये यावर उपाय करता येतात. नोझलच्या मागे धातूवर धातू बसणारी कोनदार सीट ठेवा, पॅकिंगमागे स्प्रिंग द्या म्हणजे ते स्वतःच घट्ट राहील, आणि झाकणातलं छिद्र सहज साफ करता येईल असं ठेवा.

साहित्यात रंग लागणारे भाग स्टेनलेस स्टीलचे घ्या. पाण्यावरच्या रंगांना ते हवंच. बॉडी ॲल्युमिनियमची चालते, पण मेथिलीन क्लोराइडसारखी क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट ॲल्युमिनियमशी जोरदार प्रतिक्रिया करतात आणि बंद जागेत स्फोट होऊ शकतो, ती इशाऱ्याची सूचना गनवरच कोरा. पॅकिंग पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) घ्या. एफकेएम (फ्लोरिनयुक्त) रबर बहुतेक थिनरमध्ये टिकतं, ॲसिटोन किंवा एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) यांत ते फुगतं. सिलिकॉन ग्रीस गनमध्ये कुठेही वापरू नका. त्याचा अंश रंगात गेला की पृष्ठभागावर फिशआय, म्हणजे लहान गोल खड्डे पडतात. गन कंडक्टिव्ह होजमधून अर्थ झाली पाहिजे, कारण वेगवान फवाऱ्याने स्थिर वीज साठते आणि समोर पेटणारी वाफ असते. टू-पॅक (हार्डनर मिसळून वापरायच्या) रंगांतल्या आयसोसायनेटची वाफ श्वासाला फार वाईट, तपासणीच्या वेळीही बाहेरून हवा पुरवणारा मास्क वापरा.

तपासणी पाण्यावर करू नका. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन, रंगाचा ३० च्या आसपास, आणि पाण्याची व्हिस्कॉसिटी रंगाच्या मानाने फारच कमी. पाणी रंगासारखं फुटत नाही आणि कॅपबद्दलचा निष्कर्ष चुकतो. कॅपमधल्या दाबासाठी एक जादा कॅप घ्या, तिच्या फोडणाऱ्या हवेच्या कप्प्यात बारीक भोक पाडून गेज जोडा, आणि ट्रिगर ओढलेला असतानाच वाचा. रेग्युलेटरवरचा आकडा कॅपमधला दाब सांगत नाही. मग हॉर्न उभे करा म्हणजे फॅन आडवा होईल, भिंतीवर कागद लावा आणि गन स्थिर धरून रंग ओघळेपर्यंत ट्रिगर दाबून ठेवा. ओघळांची लांबी पॅटर्नमधल्या रंगाचं वाटप दाखवते. मध्यभागी जरा लांब आणि दोन्हीकडे सारखे कमी होत गेले तर कॅप चांगली. एका बाजूचे लांब आले तर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा तेच करा. लांब ओघळ दुसऱ्या बाजूला गेले तर दोष कॅपमध्ये, म्हणजे हॉर्नची भोकं किंवा मधलं भोक बघा. जागीच राहिले तर दोष कॅपमध्ये नाही, बहुधा नोझलचं टोक किंवा सीट मध्यावर नाही. नोझल आटे पिळून बसतं, त्यामुळे त्याच्या मागच्या सीटवर पातळ वॉशर घालून त्याची दिशा चौथाई फेरा बदला. झुकाव नोझलबरोबर फिरला तर नोझल पुन्हा बनवा. जागचा हलला नाही तर बॅफल आणि बॉडीतली नोझलची सीट तपासा.